पेव नंबर १७

यंदा मे महिन्यात भाचा पंधरा दिवस राहायला आला होता. वय चौदा, मुक्काम मुंबई. आल्या आल्या त्यानं मला बंदराची गोष्ट ऐकवली. शाळेनं त्यांना मशीद बंदर ते भाऊचा धक्का असं फिरवून आणलं होतं. बंद पडलेली गोदामं, भिंतीतून उगवलेले पिंपळ, गंजून एकजीव झालेली कुलपं. आणि वर १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाज फुटलं त्याची हकिगत. एकाच जहाजात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा! स्फोटात विटा उडाल्या आणि त्यातल्या काही कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना सापडल्या. हे सांगताना पोराचे डोळे असे झाले होते की जणू पुढची वीट यालाच सापडणार.

"तुमच्या सांगलीत असलं काही नाही ना, आत्या?"

मला राग आला. त्यातला निम्मा राग त्याचं म्हणणं मलाही पटत होतं याचा होता. आम्हाला समुद्र नाही. नदी आहे, ती उन्हाळ्यात मरगळून पडलेली असते आणि ऑगस्टमध्ये थेट स्वयंपाकघरात येते. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना फोन करून तब्येत विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे १९२९ चा दगडी पूल. त्याच्याजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. यात एक्सप्लोअर काय करणार? आम्ही त्यातून बाहेर कसं पडायचं ते बघतो.

पण मग मी त्याला विचारलं, वखार म्हणजे काय रे?

"सुरतेची वखार. इंग्रजांची. पाचवीला होती."

"मग आमचा वखारभाग कशाचा?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझ्याकडेही धड नव्हतं. मी वीसेक वर्षं गणपती पेठ आणि वखारभागातल्या अडत्यांची जीएसटीची रिटर्नं भरते (आधी व्हॅटची भरत होते). वाळलेल्या हळदीला पाच टक्के, ओलीला शून्य, आणि हळकुंड हा शेतमाल की मसाला यावरून आमच्या बाजारात केवढं रण पेटलं होतं, हे सगळं मला तोंडपाठ. पण वखारीतला माल वखारी व्हायच्या आधी कुठे राहायचा, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गणपती पेठेतल्या एका पेढीवर जन्मभर दिवाणजी होते. त्यांनाही विचारलं नाही. आता ते नाहीत.

त्यांचा डबा मात्र आहे.

हा डबा २०१९ च्या पुरानं मला दिला. गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या खालच्या मजल्यात पाणी छतापर्यंत चढलं होतं. ते उतरल्यावर गुडघाभर गाळ, त्यात आजीचं कपाट आडवं, पलंगाच्या गाद्या फुगून म्हशीएवढ्या झालेल्या. माळ्यावरचं सामान तेवढं कोरडं राहिलं. तिथून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा निघाला. आत काय? बिननिबाचे टाक, लाखेचा तुकडा, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि चार घड्या घातलेला एक कागद. वरच्या बाजूला बाळबोधीत, आबांच्या कोरीव अक्षरात: मौजे हरिपूर, पेव नंबर १७, हळकुंड, पोती ८४. पेव ज्यांच्या जागेत होतं त्यांचंही नाव आहे, ते मी इथे लिहीत नाही. खाली १९५८ सालची तारीख आणि दोन सह्या. मागच्या बाजूला मोडीत सात-आठ ओळी. मला मोडी येत नाही. त्या वेळी गाळ उपसायचा होता म्हणून कागद परत डब्यात ठेवला, तो ठेवलाच.

भाच्याला दाखवला तर तो ताडकन उठून बसला. "म्हणजे चौऱ्याऐंशी पोती अजून जमिनीत आहेत?"

मी हसले. पण हळदीचा चालू भाव मनातल्या मनात लावून बघितला, हेही कबूल करते.

पेव म्हणजे काय हे आजच्या मराठी माणसाला सांगावं लागतं ही गंमतच आहे, कारण शब्द सगळे वापरतात. गल्लोगल्ली क्लासचं पेव फुटलंय, बिर्याणीवाल्यांचं पेव फुटलंय. फुटलेलं पेव पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मला सापडला, तो रिटर्नांच्या निमित्तानं. माझ्या एका अशिलाच्या दुकानात एक म्हातारे हमाल दिवसभर ओट्यावर बसून असतात. काम काही नसतं, पण चहा त्यांना पहिला मिळतो. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. कागद त्यांच्यापुढे धरला. वाचता येत नाही त्यांना, पण कागदाचा आकार बघूनच म्हणाले, "पेवाची पावती हाय ही. लई दिसानं बगितली."

त्या दिवशी दुपारी त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं लिहिते.

हरिपूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे कृष्णेला वारणा मिळते. या गावची माती अशी चिवट की खोल खणलं तरी कड ढासळत नाही आणि वरचं पाणी आत झिरपत नाही. म्हणून तिथे जमिनीत पेवं काढायची. तोंड एवढंसं, एक माणूस खांदे चोरून जेमतेम उतरेल एवढं. खाली मात्र ते रांजणासारखं फुगत जातं, वीस-पंचवीस फूट खोल. आतून शेणामातीनं लिंपायचं, तळाला आणि कडेनं उसाचा पाला घालायचा, मग हळद ओतत जायची. आत एक माणूस उभा राहून ती पायानं दाबत वर वर येतो. तोंडापर्यंत भरलं की पुन्हा पाला, त्यावर माती, आणि वरनं बंद. जमीन सारखी. कुणाला सांगितलं नाही तर पायाखाली शेकडो मण हळद आहे हे कळणार नाही.

"किती दिवस राहते आत?"

"दिवस? वर्सं इचारा की. किडा न्हाई, मुंगी न्हाई. रंग उलट चढतो."

याचं गणित नंतर मी माझ्यापुरतं समजून घेतलं. बंद पेवात हळद आणि पाला आतली हवा पिऊन टाकतात, प्राणवायू संपतो, उरतो तो कर्बवायू. किड्याला श्वासच घेता येत नाही. औषध नको, धुरी नको. पण जे किड्याला लागू तेच माणसालाही. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. तोंड मोकळं करून तसंच सोडायचं. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून पेटता आत सोडायचा. तळाला जाईपर्यंत जळत राहिला तर माणूस जाणार. विझला तर अजून थांबायचं. मुकादम ओरडला तरी थांबायचं. घाई केलेल्यांची नावं मामांनी मला सांगितली, बोटांवर मोजून. मग बोटं मिटून घेतली.

आणि पावती? ती या सगळ्याहून भारी. माल जमिनीत आणि कागद बाजारात! पेव न उघडता पावती विकायची. आज याच्याकडे, पुढच्या महिन्यात त्याच्याकडे, दिवाळीत तिसऱ्याकडे. हळद आहे तिथेच, अंधारात, मालक मात्र बदलत चाललेत. ज्याला खरंच माल हवा तो शेवटचा मालक पेव फोडणार. आणि फोडलं की सगळं रिकामं करावं लागतं, अर्धं ठेवता येत नाही, कारण आत हवा गेली. म्हणजे एकदम शेकडो पोती उजेडात. आलं ना लक्षात, पेव फुटणं म्हणजे काय ते?

आपल्या डीमॅट खात्यात तरी काय वेगळं असतं, असं मला वाटून गेलं. पण मामांना डीमॅट समजावत बसले नाही.

"आत उतरायला भीती नाही वाटायची?"

"भ्या वाटायचं. पर उतरल्यावर वासानंच डोकं गच्च व्हायचं, भ्यायला सवड कुटं?" मग स्वतःशीच हसत म्हणाले, "आमची मंडळी म्हनायची, लोकांस्नी लग्नात एकदा हळद लागती, तुमास्नी रोज."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. मी, भाचा आणि मामा. मामांनी येताना दोरीचं भेंडोळं, एक जुना कंदील आणि पिशवीत केळी आणली होती. मी म्हटलं, आधी आपलं बंदर याला दाखवू, म्हणून टिळक चौकातनं खाली घाटाकडे नेलं. इथल्या भिंतींवर पुराच्या रेघा आहेत. २००५ ची एक, तिच्या वर २०१९ ची. भाचा २०१९ च्या रेघेखाली उभा राहिला, हात वर केला, पोचला नाही. उडी मारली, तरी नाही. मग जरा गप्प झाला. पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या सांगलीवाडीहून सगळं नावेनंच इकडे यायचं. पुरात अजूनही काही ठिकाणी गुळाच्या काहिली नदीत उतरतात. गूळ शिजवायची ती भली मोठी कढई, तिच्यात बसून लोक पलीकडे जातात. भाच्याला हे पटेना. त्याच्या मते बोटीला पुढची बाजू हवी.

गणपतीच्या देवळावरून जाताना चोर गणपतीची गोष्ट सांगितली. गावाची चतुर्थी असते त्याच्या आधीच, भाद्रपद प्रतिपदेला, इथे गुपचूप एक गणपती येऊन बसतो. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. "चोर का?" तर न सांगता येतो म्हणून. हे मात्र त्याला पटलं.

जुन्या पेठेतली दुकानं रविवारी बंद. पण मला जे दाखवायचं होतं त्याला दुकान उघडं लागत नाही. एका पेढीच्या ओट्यावर लाकडी फळ्यांचं दार आहे. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत नख घातलं की पिवळं होतं. त्या पेढीवर हळद येऊन किती वर्षं झाली असतील! माल आता मार्केट यार्डात जातो, गोदामात नाहीतर शीतगृहात. मोठमोठे पूर त्या दारावरून गेले. रंग अजून निघतोच आहे. पेपरवाले याला 'पिवळं सोनं' म्हणतात. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आठवडाभर हेच मथळे. मला तो शब्द आवडत नाही. सोनं असं फटीत राहत नाही. भाच्यानं पाचही नखं पिवळी करून घेतली आणि फोटो काढला.

हरिपूर रस्त्याला झाडांची सावली आहे, बागेतला गणपती लागतो, पुढे गाव. संगमेश्वराचं देऊळ आणि त्याच्या पायऱ्या उतरलं की दोन नद्या. श्रावणातल्या सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, मे महिन्यात आम्ही तिघं आणि एक कुत्रं. पलीकडे कोथळी. नावाडी पूर्वी तिकडे ने-आण करायचे, आता पूल झालाय. "पोहायला जाऊ?" असं भाच्यानं विचारलं तेव्हा मामांनी शांतपणे मगरींची माहिती दिली. तो विषय तिथे संपला.

पावतीवरच्या घराण्याचा वाडा लगेच सापडला, पण वाडा राहिलेला नाही. तिथे तीन घरं, एक गोठा आणि ट्रॅक्टरची शेड. बाहेर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. कागद दाखवला, आबांचं नाव सांगितलं, चहा आला. मग मी विचारलं, सतरा नंबरचं पेव कुठलं?

त्यांनी हातानं सगळं अंगण दाखवलं. "हितं समदी पेवंच की वो. ह्या घराखाली दोन. गोठ्याखाली मुजवल्यात. नंबर काय आता."

२००५ च्या पुरात पाणी इथे दिवसेंदिवस बसून राहिलं. जी माती वरचं पाणी आत घेत नव्हती तिला चारी बाजूंनी पाणी लागलं. पेवं आत पडली, भरलेल्या पेवांतली हळद कुजली. आजी म्हणाल्या, पाणी गेल्यावर कितीतरी दिवस असा वास होता की जेवण जात नव्हतं. नंतर लोकांनी राडारोडा टाकून खड्डे बुजवले, कुणी त्यावर बांधकाम केलं. मागच्या पावसाळ्यातच शेडपाशी ट्रॅक्टरचं मागचं चाक हातभर खाली गेलं होतं. "तेच आसंल बगा तुमचं सतरा," असं म्हणून त्या खळखळून हसल्या.

एक मात्र शाबूत होतं. परसात, लिंबाच्या झाडाखाली, वर शहाबादी फरशी. त्यांच्या मुलानं आणि भाच्यानं मिळून ती सरकवली. खाली काळं भोक. तेवढंच. स्टीलच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणाएवढं. मी मोबाइलची बॅटरी मारली तर उजेड थोडा खाली जाऊन पांगला, तळ दिसलाच नाही. कडेच्या लिंपणावर बोटांचे फराटे होते, चार चार बोटांचे, ओल्या मातीवर कुणीतरी हात फिरवला तसे. वास हळदीचा नव्हता. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या ट्रंकेचा होता, आणि त्याच्या मागे कुठेतरी, ओळखीचं माणूस गर्दीत दिसून नाहीसं व्हावं तसा, हळदीचा.

"सरका," मामा म्हणाले. ओट्यावर बसून चहा पिणारा माणूस तो नव्हताच. गुडघे टेकून बसले, कंदील पेटवला, वात मोठी केली, दोरीची गाठ दोनदा ओढून बघितली. मग दोरी हाताहातानं सोडायला लागले. ओठ हलत होते, वाव मोजत असावेत. आम्ही चौघं त्या भोकाभोवती डोकी घालून. पिवळा उजेड भिंतीवरनं उतरत गेला, भिंत मागे मागे सरत गेली, पोट रुंद झालं. एका ठिकाणी उजेड बारीक झाला. मामांनी हात थांबवला. ज्योत निळसर होऊन आखडली, जरा वेळ तशीच राहिली, मग हातभर आणखी खाली सोडल्यावर गेली. धूरसुद्धा वर आला नाही.

"काय झालं?" भाच्यानं कुजबुजत विचारलं.

"पाला पडून कुजतोय आत. फरशीनं कोंडलंय समदं." मामा दोरी वर ओढत म्हणाले. "आत्ता कुनी उतरला आसता तर तिथंच बसला आसता."

भाचा दोन पावलं मागे सरला आणि परत येताना सबंध रस्ताभर सोन्याच्या विटांचं नाव काढलं नाही. फरशी आम्ही पुन्हा नीट लावली, वर दोन दगड ठेवले. ट्रॅक्टरच्या चाकाखालची जागा मी मात्र निघताना एकदा बघून घेतली. चौऱ्याऐंशी पोती म्हणजे चौऱ्याऐंशी पोती असतात.

राहता राहिली मागची मोडी. ओळखीचे एक निवृत्त सर मोडी वाचतात. भाचा मुंबईला गेल्यावर आठवड्याभरानं त्यांच्याकडे कागद नेला. त्यांनी भिंग लावलं, एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे जरा संकोचानं बघितलं.

"धोतरं चार," ते म्हणाले. "सदरे तीन. उपरणं एक. लुगडी दोन. उशांचे अभ्रे..."

परटाची यादी होती. मी तिथेच मोठ्यानं हसले, आणि हसता हसता माझ्यातली कर सल्लागार जागी झाली. चालू पावतीच्या पाठीवर कुठलाही दिवाणजी परटाची यादी लिहिणार नाही. आबा तर नाहीच, ते पोस्टकार्डाचा कोपरासुद्धा वाया घालवत नसत, पण पेढीच्या कागदाला विटाळ करणाऱ्यातले नव्हते. म्हणजे यादी लिहिली तेव्हा पावती मेलेली होती. पेव फुटलेलं होतं, माल गेलेला होता, हिशेब पुरा झालेला होता. कागद पाठकोरा म्हणून घरी आला आणि आजीनं परटासमोर आबांच्या हातात दिला.

रात्री भाच्याला फोन करून सांगितलं. तो बराच निराश झाला. मग विचारलं, यादीत शेवटी काय आहे?

"चौकडीची चादर, मोठी, एक. आणि त्याच्यापुढे आबांनी वेगळ्या शाईनं लिहिलंय, 'परत आली नाही.'"

पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता.

"आत्या, मग चादर कुठे गेली?"